भोगव्याच्या किनाऱ्यावर लपून काढलेले फोटो: पैसे वसूल, रील सोडून

भावाने लग्नाची मागणी घातली तेव्हाचे फोटो लपून काढून घेतले. आधी फोटोग्राफरचा दर सांगते, कारण सगळे तेच विचारतात. १४,००० रुपये. त्यात दोन माणसं, एक संध्याकाळ, साठेक एडिट केलेले फोटो आणि एक रील. ड्रोन नाही. पुण्याहून येणारे फोटोग्राफर याच्या दुप्पट मागत होते, वर राहण्या-जेवणाची सोय आपलीच. तारकर्लीच्या एका रिसॉर्टचं 'प्रपोजल पॅकेज'ही होतं: लाल फुगे, थर्माकोलची इंग्रजी अक्षरं, केक. ते पाहून भाऊच म्हणाला, "ताई, हे बारशासारखं दिसतंय."

भाऊ पुण्यात नोकरीला, मुलगी कोल्हापूरची. तिला एवढंच ठाऊक की कुडाळला ताईकडे सुरमई खायला जायचंय. बाकी जमवाजमव माझ्याकडे.

या मालवणच्या फोटोग्राफरला फोन केला तर त्यांनी थीम, कपडे, अंगठी असलं काहीच विचारलं नाही. तारीख विचारली आणि लगेच कॅलेंडर उघडलं. भावाला डिसेंबरअखेरचा शनिवार हवा होता. "अष्टमी इली. सहाक भरती आसतली, उभ्या रवाक वाळू गावाची (मिळायची) नाय." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा आपल्याकडचा जुना हिशोब, आठाची पाऊणपट सहा. पुढच्या शनिवारी पौष पौर्णिमा होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी ओहोटी. सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास, आणि तेव्हा समोर रुंद, ओली, घट्ट वाळू. शिवाय थर्टीफर्स्टची गर्दी ओसरलेली. भावाने कुरकुरत रजा बदलली.

दुसरा वाद जागेवरून. भावाच्या डोक्यात होडी आणि मागे सिंधुदुर्ग किल्ला. यांनी समजावलं की किल्ला पुरातत्त्व खात्याकडे, भोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य, त्यामुळे प्रत्येकाची परवानगी वेगळी. होडी हलते ते निराळंच. शेवटी म्हणाले, "आनि होडयेत मी लपू खय?" यावर भावाकडे उत्तर नव्हतं.

म्हणून भोगवे. आणि भोगव्यातही कुठे, हे ज्याला कळतं त्यालाच पैसे द्यावेत असं माझं मत आहे. आपला समुद्र पश्चिमेला. सूर्यास्ताला माडांकडून फोटो काढला की माणसं काळी आणि आभाळ केशरी, चेहरा कुणाचाच नाही. मुलगी 'हो' म्हणते तेव्हाचा चेहरा दिसला नाही तर बाकी घेऊन काय करायचंय? हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे सरकून बुडतो. त्यामुळे हे दक्षिणेच्या टोकाला, निवती किल्ल्याच्या बाजूच्या खडकांत बसले आणि कॅमेरा उत्तरेकडे. उजेड त्यांच्या पाठीमागून डाव्या बाजूने, सरळ या दोघांच्या अंगावर. मुलीचं तोंड समुद्राकडे ठेवायचं, एवढं काम भावाचं.

ड्रोनबद्दल: चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला आणि तो भोगव्याच्या अगदी जवळ आहे. परवानगीशिवाय उडवणार नाही, असं त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं. दुसरे एक जण "बघू, कोण विचारतंय" म्हणाले होते. त्यांना मी तिथेच सोडलं. रंगीत कागद उधळायला आणि अंधारात दिवे लावायलाही यांचा नकार. वेंगुर्ल्याकडे वायंगणीला कासवं अंडी घालायला येतात तो हाच हंगाम, हे कारण ऐकून मलाच बरं वाटलं.

भावाला दिलेल्या सूचना मात्र लिहून ठेवण्यासारख्या. कॅमेऱ्याच्या बाजूचा गुडघा वाळूत टेकायचा, नाहीतर उभी मांडी मध्ये येते. डबी छातीशी धरायची. अंगठी घातल्यावर टुणकन उठायचं नाही. विचारायच्या आधी टोपी काढायची, ती खूण. आणि "माझ्याकडे बगू नका, माका वळकू नका." ते स्वतः ७०-२००ची, लांबून टिपणारी लेन्स टॉवेलखाली घेऊन बसले, शटरचा आवाज बंद. मदतनीस पोरगा शेजारी गरी टाकून. त्याला म्हणे त्या दिवशी एक बोयर मासाही लागला नाही.

अडचण आली ती रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची. ठरलेल्या जागेवरच रापण ओढणं चाललेलं. दोरखंड, टोपल्या, घिरट्या घालणाऱ्या घारी. मी माडाखाली उभी राहून घाम पुसत होते. फोटोग्राफर उठले, रापणकरांशी काहीतरी बोलले, आणि भावाला मेसेज केला की पन्नास पावलं दक्षिणेला. रापणकरांनी दोर तसाच धरून ठेवला आणि सगळे बघत उभे. भाऊ गुडघ्यावर बसला तसे एक आजोबा ओरडले, "पडलो काय रे तो?" त्या क्षणीचा फोटो आहे: मुलगी तोंडावर हात ठेवून हसते आहे, भाऊ डबी उलटी धरून आहे, मागे रापणीचा दोर ताणलेला. घरात सगळ्यांना हाच आवडला. आमची आई म्हणते बाकीचे एकोणसाठ देऊन टाका.

आता तक्रारी. फोटो आठवड्यात देतो म्हणाले, पुष्कळ उशीर झाला. फोनवर दर वेळी "उद्या". पहिल्या खेपेला चेहरे इतके नारिंगी केले होते की होणारी भावजय कोकमात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. सांगितल्यावर मुकाट्याने बदलून दिले, जादा पैसे मागितले नाहीत. रील मात्र रद्दी. समुद्राचा आवाज, आजोबांची हाक, सगळं पुसून वर ढणाढणा हिंदी गाणं. मूळ क्लिप मागा, देतात, पण मागावी लागते.

ज्यांना सजावट, गुलाब, स्पार्कलर असा थाट हवा त्यांनी रिसॉर्टकडेच जावं. बाकीच्यांनी तारीख ठरवायच्या आधी यांना फोन करावा, नंतर नाही. निम्मे पैसे आगाऊ घेतात, पावती देतात.

साखरपुडा मेमध्ये कुडाळलाच आहे. यांनाच सांगितलंय. रीलचे पैसे वजा करून.