शेवग्याची पावडर: सांगलीच्या बाजारातली तीन पाकिटं

सांगलीत शेवग्याच्या पाल्याची पावडर सध्या तीन रूपांत मिळते: मसाल्याच्या दुकानात पोत्यातून सुटी, महिला बचत गटाच्या स्टॉलवर १०० ग्रॅमच्या चंदेरी पाकिटात आणि औषधाच्या दुकानात ६० कॅप्सूलच्या डबीत. सुटी १०० ग्रॅमला ४० रुपये, बचत गटाची ९०, कॅप्सूलची डबी साडेतीनशेच्या घरात. तिन्ही चाळून, पाण्यात टाकून, भाकरीत घालून पाहिल्या. विकणाऱ्यांची नावं मुद्दाम देत नाही. हा माल खेपेगणिक बदलतो, त्यामुळे नावापेक्षा खुणा लक्षात ठेवलेल्या बऱ्या.

पहिली खूण रंगाची. पांढऱ्या कागदावर चिमूटभर पसरा. बचत गटाची पावडर मेंदीपेक्षा उजळ, पोपटीकडे झुकणारी होती. सुटी पावडर मात्र खाकी, वाळल्या कडब्याच्या रंगाची. हा फरक जातीचा नाही, वाळवणीचा आहे. पाला उन्हात पसरला की दिवसभरात कुरकुरीत होतो, पण हिरवा रंग उतरतो आणि त्याबरोबर कॅरोटीनही जातं, ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं. ‘अ’ जीवनसत्त्वासाठी शेवगा खायचा आणि तोच उन्हात घालवायचा, असा तो उलटा व्यवहार.

दुसरी खूण काड्यांची. मैद्याच्या चाळणीतून बचत गटाची पावडर जवळजवळ सगळी खाली आली. सुट्या पावडरीच्या पाच चमच्यांतला एक चमचा वरच राहिला, सगळा देठांचा भुसा. पाला ओरबाडायला वेळ लागतो, म्हणून काही जण डहाळीसकट वाळवून दळतात. वजन वाढतं, पण काडीत चोथ्याशिवाय फारसं काही नसतं आणि घशाला खवखव होते ती वेगळीच.

तिसरी खूण मातीची. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन वर चमचाभर पावडर सोडा, ढवळू नका. चांगली पावडर तरंगते आणि भिजेल तशी हळूहळू खाली उतरते. तळाशी लगेच करडा थर बसला तर पाला न धुताच वाळवलाय असं समजा. सुटीत असा थर दिसला. पाणी चटकन गडद हिरवं होऊन बोटाला रंग लागला तर त्या पावडरीत वरून रंग मिसळल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. तसं या तिन्हीत आढळलं नाही.

सुट्या पावडरीला मिरचीचा हलका ठसकाही होता. कांडपावर मिरचीपाठोपाठ पाला दळला की असंच होणार.

चांगला माल कसा तयार होतो हे माहीत असलं की स्टॉलवर काय विचारायचं ते कळतं. पाला सकाळी तोडायचा, दोन पाण्यांतून खळबळून धुवायचा आणि डहाळ्या टांगून पाणी पूर्ण निथळू द्यायचं. मग पानं ओरबाडून जाळीवर बोटभरापेक्षा कमी थरात, सावलीत, वारा खेळता ठेवून पसरायची. दिवसातून दोनदा हलवायची. जत, आटपाडी, माण, खटाव भागातल्या कोरड्या हवेत तीन-चार दिवसांत पान कडक होतं. मुठीत चुरगाळल्यावर चुरा झाला पाहिजे. पान नुसतं दुमडलं तर अजून ओल आहे. पाटण-महाबळेश्वरकडच्या पावसाळी हवेत हेच काम आठवडाभर रेंगाळतं, पाला काळवंडतो आणि कुबट वास धरतो. तिथे ड्रायरच हवा, तोही ५०-५५ अंशांच्या आत. पाकिटात भरताना ओलावा १० टक्क्यांच्या खाली नसेल तर महिन्याभरात गुठळ्या होतात, मागून बुरशी.

तासगावकडे बेदाण्याचा हंगाम उरकला की शेड रिकामी असतात. सावली, जाळ्या, वारा सगळं आयतं असतं, त्यामुळे पाला तिथे वाळवण्याची कल्पना वाईट नाही. पण द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून ज्यात बुडवतात त्या डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटचा चिकट थर जाळ्यांवर राहिलेला असतो, गंधकाची धुरी दिलेली असेल तर तो वासही. जाळी गरम पाण्याने घासून वर सुती कापड अंथरल्याशिवाय तिथे पाला टाकू नये.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: पाला कोणत्या झाडांचा? शेंगांच्या बागेत छाटणीनंतर ढीगभर पाला निघतो, आणि त्याची पावडर करून चार पैसे मिळवण्याचा मोह साहजिक आहे. पण शेंगांची बाग केसाळ अळीसाठी आणि फूलगळीसाठी फवारलेली असते. पाल्यासाठी वेगळी, दाट लावलेली, ३५ ते ४५ दिवसांनी कापली जाणारी रोपं असतील तर उत्तम. बचत गटाच्या स्टॉलवर ‘बांधावरची झाडं, फवारणी नाही’ असं उत्तर मिळालं. सुट्या मालाबद्दल दुकानदारालाच काही माहीत नव्हतं.

आता पाकिटावरच्या मजकुराकडे. बचत गटाच्या पाकिटावर १४ अंकी परवाना क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि पोषणमूल्यांचा तक्ता आहे. चांगली गोष्ट. पण मागे छापलंय: ‘संत्र्याच्या सातपट सी, दुधाच्या अनेकपट कॅल्शियम’. यातला सी ओल्या पाल्याचा आणि कॅल्शियम वाळल्या पाल्याचं, दोन्ही एकाच पाकिटावर! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ओल्या पाल्यात प्रथिनं सुमारे ६.४ ग्रॅम, कॅल्शियम ३१४ मिलिग्रॅम, लोह ४.६ मिलिग्रॅम आणि सी जीवनसत्त्व १०८ मिलिग्रॅम असतं. पालेभाजीसाठी हे आकडे भरघोसच आहेत. पाला वाळला की पाऊण भाग पाणी उडतं, म्हणून प्रथिनं आणि खनिजं वजनाच्या मानाने चौपट-पाचपट दिसतात. प्रथिनं २५ टक्क्यांच्या आसपास जातात. सी मात्र वाळवणीतच बराचसा संपतो.

शिवाय १०० ग्रॅम पावडर एका दिवसात कोण खातं? दिवसाला दोन लहान चमचे म्हणजे ५ ग्रॅम. त्यातून मिळतात जेमतेम सव्वा ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात सहा असतात. कॅल्शियम ७० ते १०० मिलिग्रॅम, म्हणजे पेलाभर दुधाच्या साधारण एक तृतीयांश. लोह एक-दीड मिलिग्रॅम, आणि वनस्पतीतलं असल्याने त्यातलंही थोडंच अंगी लागतं. वर लिंबू पिळलं की ते जास्त शोषलं जातं. लगेच चहा घेतला की अडतं. चहाआधी तासभर अंतर ठेवा.

म्हणून दारात झाड असेल तर पावडर विकत घेऊ नका. ५ ग्रॅम पावडर म्हणजे २०-२५ ग्रॅम ओला पाला, मूठभर. मूगडाळ आणि ठेचलेल्या लसणावर परतलेल्या एका वाटी भाजीत त्याच्या दुप्पट पाला सहज बसतो. पावडरीची खरी सोय शहरातल्या घरांना, पालेभाजी बघून तोंड फिरवणाऱ्या मुलांना आणि झाड छाटल्यावर पाला नसतो त्या दिवसांत.

स्वयंपाकात तिचा स्वभाव सांभाळावा लागतो. पाव किलो ज्वारीच्या पिठाला तीन लहान चमचे पुरे. त्यापुढे भाकरीच्या कडा चिरतात, कारण पाल्याला चिकटपणा नाही आणि तो पाणी ओढतो. पीठ कढत पाण्यात मळलं तर चिरणं बरंच आवरतं. थालीपिठात कांदा, तीळ आणि मिरचीमागे कडवटपणा लपतो; पाव किलो भाजणीला चार-पाच चमचेही चालतात. आमटी-पिठल्यात गॅस बंद केल्यावर घाला. उकळत ठेवलं तर रंग मळकट होतो आणि गवती वास सुटतो. ताकात थेट टाकली तर गोळे होतात, म्हणून आधी दोन चमचे ताकात कालवून मग बाकीचं ताक ओता. सुरुवात दिवसाला अर्ध्या चमच्याने करा. एकदम जास्त घेतली तर पोट ढिलं होतं.

रक्त पातळ करण्याची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नये. पाल्यात ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असतं. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधं चालू असणाऱ्यांनीही विचारून घ्यावं. आणि मुळीची साल कुणी ‘औषधी’ म्हणून दिली तर घेऊ नका, ती खाण्याची वस्तू नाही. गरोदरपणात तर नाहीच.

कॅप्सूलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम, दिवसाला दोन, म्हणजे एक ग्रॅम पाला. अख्ख्या डबीत मिळून ३० ग्रॅम पावडर भरते. माल चांगला हिरवा होता, पण त्या पैशात बचत गटाची जवळजवळ चार पाकिटं येतात. डबीवर मधुमेहापासून सांधेदुखीपर्यंत सगळ्याला गुण येईल असं लिहिलेलं असलं की आम्ही ती खाली ठेवतो.

तर घ्यायची असेल तर बचत गटाची, आणि सुटी अजिबात नाही. बचत गटाच्या पाकिटाला एकच खोड आहे. झिप पहिल्या दिवशी नीट लागते, पण बारीक पावडर खाचेत बसली की चौथ्या दिवशी अर्धवट उघडी राहते आणि पावसाळी हवेत आठवड्यात खडे होतात. खाच कोरड्या फडक्याने पुसून झिप लावा, नाहीतर उघडल्या दिवशीच घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत काढून अंधाऱ्या फडताळात ठेवा. गॅसशेजारच्या मांडणीवर नको, आणि ओला चमचा तर कधीच नको.