रेल्वे लाईन्समधला लेडीज दवाखाना: पिशवीला सूज सांगितलेल्यांनी वाचा

पाच स्टार मनापासून देतेय. वय ४३, पाळीत अंगावरून इतकं जायचं की तासाभरात पॅड बदलावं लागायचं, रक्ताच्या गाठी पडायच्या, कळा मांडीपर्यंत यायच्या, हिमोग्लोबिन ७.८ वर आलेलं आणि एक जिना चढला तरी धाप लागायची. आधी दुसरीकडं दाखवलं होतं, तिथं रिपोर्टवर बल्की युटेरस, म्हणजे पिशवी मोठी झालीय, असं लिहिलेलं बघितलं आणि लगेच म्हणाले मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाका. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांचं पिशव्या काढल्याचं प्रकरण बाहेर आलं, सरकारला समिती नेमावी लागली, आपला जिल्हा पण उसाचाच आहे ओ, म्हणून मला भीतीच वाटली आणि एका मैत्रिणीनं इथं पाठवलं.

इथल्या मॅडमनी आधी सगळं ऐकून घेतलं, सिझर झालंय का, दुखणं पाळीच्या आधी सुरू होतं का नंतर, सगळं. मग आतून सोनोग्राफी स्वतः केली आणि स्क्रीन माझ्याकडं वळवून दाखवलं, बघा ही पाठीमागची भिंत पुढच्यापेक्षा जाड झालीय आणि त्यात हे बारीक काळे ठिपके. पिशवीच्या आतलं अस्तर स्नायूत शिरतं, भिंतीत ओल मुरावी तसं, आणि दर महिन्याला तिथंच आत सुजतं, रक्त उतरतं, म्हणून पिशवी मोठी होते आणि दुखतं. याला अॅडेनोमायोसिस म्हणतात, हा कॅन्सर नाही. फायब्रॉइडची गाठ वेगळी असते, ती बऱ्याचदा तेवढीच काढता येते, हे मात्र भिंतीतच मिसळलेलं असतं त्यामुळं तेवढंच कापून काढणं अवघड. इतकं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. चाळिशी ओलांडलीय म्हणून अस्तराचा तुकडा पण तपासायला पाठवला, नॉर्मल आला.

मग पर्याय सांगितले. पाळीत रक्त कमी जायला ट्रानेक्सॅमिक अॅसिड आणि दुखण्यावर मेफेनामिकच्या गोळ्या, नाहीतर रोज डायनोजेस्ट २ मिलीग्रॅम ही हार्मोनची गोळी, नाहीतर मिरेना, म्हणजे हार्मोन सोडणारी कॉपर-टी सारखी वस्तू. इंजेक्शनं पण असतात पण हाडं ठिसूळ होतात म्हणून ती जास्त दिवस देत नाहीत. पिशवी काढली की हा आजार कायमचा जातो हे पण लपवलं नाही, फक्त ते शेवटी बघू आणि तशी वेळ आलीच तर अंडाशय शक्यतो ठेवू म्हणाल्या. घरी जाऊन विचार करा, घाई नाही, हे वाक्य ऐकून मला रडू आलं.

मी मिरेना बसवली. सुरुवातीचे महिने थोडं थोडं स्पॉटिंग होत राहिलं, पण ते होणार हे आधीच सांगितलेलं म्हणून घाबरले नाही. आता जाणं खूप कमी झालंय, लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलंय.

तक्रार एकच, रिसेप्शनवरच्या ताई सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारतात काय त्रास आहे, बाहेर पुरुष माणसं बसलेली असतात, बायका लाजून अर्धंच सांगतात. मॅडम, हे प्लीज बदला. अपॉइंटमेंट घेतली तरी थांबावं लागतं. मिरेना स्वस्त नाही, खर्च झेपत नसेल तर सिव्हिलच्या गायनॅक ओपीडीत जाऊन विचारा, पण दुखणं अंगावर काढू नका. येताना जुने सगळे रिपोर्ट आणा आणि पाळीच्या तारखा लिहून आणा, मॅडम पहिलं तेच मागतात.