कुडाळची पितळी चासी-प्लेट: अक्षर झकास, रिव्हेट मात्र बदलून घ्या

रत्नागिरी-सिंधुदुर्गात जुनी रेसिंग गाडी किंवा तिची प्रतिकृती सांभाळणाऱ्याला चासी-प्लेटसाठी, म्हणजे गाडीचं नाव आणि चासी नंबर असलेल्या धातूच्या पट्टीसाठी, आता मुंबई गाठायला नको. कुडाळच्या एमआयडीसीत होड्यांच्या इंजिनांच्या आणि पंपांच्या प्लेटा करणारी एक छोटी कार्यशाळा गाड्यांच्या प्लेटाही ॲसिडने कोरून देते. तपासायला दोन नमुने घेतले. एक बुगाटी टाइप 35 या 1920 च्या दशकातल्या फ्रेंच रेसिंग गाडीच्या धर्तीची पितळी प्लेट, दुसरी 1950 च्या दशकातल्या ब्रिटिश रेसिंग गाड्यांवर असायची तशी ॲल्युमिनियमची.

पितळी प्लेट उत्तम आहे. पत्रा 0.8 मिमी, कोरीव खोली साधारण 0.15 मिमी. नखाला अक्षराची कड लागते आणि तळ किंचित खरबरीत आहे. जुन्या ॲसिड-कोरीव प्लेटेचा तळ असाच असतो. लेझरने केलेल्या प्लेटेत तो जळका आणि एकसारखा दिसतो, सीएनसीने, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरणी यंत्राने, केलेल्यात अक्षरांचे आतले कोपरे गोल होतात. हे दोन्ही जवळून पाहिलं की कळतं. काळा रंग भरून, भट्टीत वाळवून, सपाट लाकडी ठोकळ्यावर 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने वरचा रंग काढला आहे. ठोकळा न घेता बोटाने घासलं की खोलगट भागातला रंगही निघून येतो. तसं कुठे झालेलं नाही.

कोरायला वापरलेलं फेरिक क्लोराइडचं द्रावण धातूला खाली खातं तसं बाजूलाही खातं. म्हणून उठावाचं अक्षर फिल्मवर, म्हणजे ज्यावरून प्लेटेवर नक्षी उतरवतात त्या पारदर्शक छापावर, थोडं जाड काढावं लागतं, नाहीतर बारीक रेघ हातात येईपर्यंत नाहीशी होते. इथे ती काळजी घेतली आहे. अक्षरंही संगणकातल्या तयार वळणाची नाहीत, जुन्या प्लेटेच्या छापावरून हाताने काढली आहेत. त्यासाठी तुम्ही मूळ प्लेटेचा पेन्सिलने घेतलेला छाप, पट्टी शेजारी ठेवून केलेलं स्कॅन आणि व्हर्नियरने मोजलेली भोकांची अंतरं, तिन्ही द्या. मोबाइलच्या तिरक्या फोटोवरून काढलेली प्लेट बसवताना भोकांवर येत नाही. खर्चाचा मोठा भाग रेखाटन आणि फिल्मचा, त्यामुळे एकाऐवजी एकदम दोन प्लेटा करून घेणं परवडतं.

ॲल्युमिनियमचा नमुना मात्र परत करावा असा आहे. ॲल्युमिनियम आणि फेरिक क्लोराइड यांची क्रिया जोरात होते, द्रावण तापतं, न कोरायचा भाग झाकणारा वरचा थर सुटतो आणि अक्षरांच्या कडा फाटतात. नेमकं तेच झालं आहे. द्रावण पातळ करून थोड्या थोड्या वेळाच्या बुडव्या द्यायला सांगा, मधे प्रत्येक वेळी धुऊन घ्यायला सांगा.

नंबर ठोकण्याचं काम मध्यम. जुने इंग्लिश पंच, म्हणजे आकडे ठोकायचे पोलादी ठसे, 1/8 इंची, म्हणजे 3.2 मिमीचे, इथे 3 मिमीचे वापरले आहेत. फरक छोटा वाटतो, पण सहा-सात आकडी ओळ आखूड पडते. पंच तुमचे असतील तर ते देऊन पाहा. ठोकताना खाली सपाट पोलादी ठोकळा हवा, आणि प्लेट गाडीला लावायच्या आधीच ठोकायची. आकडे पट्टीत बसवल्यासारखे सरळ नकोत; कारखान्यात ते हातानेच ठोकलेले असायचे.

कार्यशाळेची सर्वांत चांगली सवय मागच्या बाजूला आहे. तिथे ‘प्रतिकृती’ आणि साल कोरलेलं असतं. कागदपत्रं दाखवल्याशिवाय नंबर ठोकूनही देत नाहीत, आणि यावर घासाघीस करू नये. प्लेट हा गाडीचा सर्वांत सहज बदलता येणारा भाग आहे. बुगाटीत इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल यांवरही नंबर असतात, म्हणून जाणकार आधी ते बघतात. आरटीओतही चासी नंबरचा पेन्सिल-छाप फ्रेमवर ठोकलेल्या आकड्यांवरून घेतात. 2021 च्या नियमांप्रमाणे मिळणारी ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच आहे; नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. प्रतिकृतीला नवी प्लेट लावून ती नोंदणी मिळणार नाही, आणि तसा प्रयत्न करणं ही फसवणूक आहे.

आता खाऱ्या हवेचं. सोबत दिलेले लोखंडी रिव्हेट फेकून द्या. एका पावसाळ्यात प्लेटेवर तांबूस ओघळ येतील. पितळी प्लेट थेट ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लावली तर खारट ओलाव्यात पितळ शाबूत राहतं आणि भोवतीचं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन खाल्लं जातं. मधे पातळ प्लॅस्टिकची शीट कापून घाला, भोकांत नायलॉनचे वॉशर बसवा, कडेला वार्निशची रेघ ओढा. वरून लॅकरचे दोन पातळ हात मारून मागा. ते ‘लागेल तर मारू’ म्हणतात, किनाऱ्यावर लागतंच. लॅकर मे महिन्यातच मारून घ्या, जूनच्या दमट हवेत ते पांढुरकं पडतं.

प्लेट काळवंडली म्हणून चिंच किंवा आमसुलाने घासू नका. आंबट पाणी लॅकरच्या चिरेतून आत जातं आणि खोलगट भागातला रंग सोडवतं. कोमट पाणी, मऊ फडकं, लगेच कोरडं पुसणं. खारा वारा सुटला की आठवड्यातून एकदा.