पेकिंग ऑपेरा की खुन्छू: आधुनिक नृत्यासाठी आधार कोणता घ्यावा?

चिनी संगीतनाट्यातला प्रवेश आधुनिक नृत्यात उतरवायचा ठरले की कथेच्या आधी परंपरा निवडावी लागते. मी चिनी संगीतनाट्याच्या दोन परंपरा करून पाहिल्या: आधी झांजा-घंटांच्या ठोक्यावर चालणारा पेकिंग ऑपेरा, नंतर बासरीच्या साथीने गायली जाणारी खुन्छू.

पेकिंग ऑपेराचा मोह स्वाभाविक होता. त्यातल्या ‘सानछाखोऊ’ या नाटकात दोन पुरुष लख्ख उजेडात, पण जणू मिट्ट काळोखात चाचपडत लढतात आणि संवाद अगदी थोडे असतात, नृत्यरचनाकाराला आणखी काय हवे? शिवाय तैवानच्या ‘क्लाउड गेट’ या नृत्यसंस्थेसाठी लिन ह्वाय-मिन यांनी १९७५ मध्ये श्वेतनागिणीची कथा रचताना याच परंपरेच्या हालचाली अमेरिकन आधुनिक नृत्यांगना मार्था ग्रॅहॅमच्या तंत्राशी जोडून दाखवल्या होत्या, त्यामुळे हे साधते यात शंका नाही.

मला मात्र ते साधले नाही, आणि त्याचे कारण ‘ल्यांगश्यांग’, म्हणजे घंटेच्या ठोक्यावर घेतलेली स्थिर मुद्रा. आम्ही तालमीत झांजा आणि घंटा बंद ठेवल्या, तरी लहानपणापासून त्या शैलीत घडलेला माझा सहकलाकार प्रत्येक आवर्तनाच्या अखेरीस थांबायचाच: मानेला बारीक हिसका, डोळे विस्फारलेले, बुबुळे स्थिर, आणि मग श्वास. कथक शिकलेल्यांना हे लगेच कळेल. ठेका काढून घेतला तरी शरीर समेची वाट पाहत राहते. सहा आठवड्यांनंतरही आमचे नृत्य सलग वाहत नव्हते.

खुन्छूत गाणे आणि अंगसंचालन हातात हात घालून चालते. सोळाव्या शतकात संगीतकार वेई ल्यांगफू यांनी घडवलेल्या तिच्या गायकीला ‘पाण्याने घासून गुळगुळीत केलेली’ म्हणतात, आणि तांग श्यानझू यांच्या १५९८ च्या ‘पिओनी पॅव्हिलियन’ या नाटकातला उद्यानविहार बासरीच्या साथीने पाहिला की ते पटते. नायिका लांब पांढऱ्या बाहीचे टोक सोडते आणि ते खाली उतरेपर्यंत दुसरा हात निघालेला असतो.

तिचीही अडचण आहे, कारण इथे प्रत्येक हस्तमुद्रा शब्दाला बांधलेली असते. त्याच उद्यानविहारात सारा फुलबहर पडक्या विहिरी आणि ढासळत्या भिंतींच्या वाट्याला आला, ही खंत सांगणारी बोटे शब्दांवाचून नुसती सुंदर उरतात. म्हणून मी गाण्याच्या दोनच ओळी ठेवल्या आणि बाकीचा अर्थ चालण्याच्या वेगावर सोपवला.

कोलांट्या, लढाई आणि झपाटा हवा असेल, तर पेकिंग ऑपेराच कदाचित अधिक सोयीचा ठरेल. पण तुमचे नर्तक मुळात पेकिंग ऑपेराच्या शैलीत तयार झालेले असतील, तर मी खुन्छूकडेच वळायला सांगेन. हरवलेले शब्द मला भरून काढता आले, शरीरात मुरलेली घंटा मात्र काढता आली नाही.