निपलवर लाल माती तशीच, बिलावर मात्र ‘चारही चाकांची हवा काढली’

बिल असं होतं: ब्रेक ऑइल एक लिटर, चारही चाकांची हवा काढली (टायरमधली नव्हे, ब्रेकच्या ऑइलमध्ये अडकलेली), मजुरी वेगळी. गाडी रत्नागिरीची, कोल्हापूरला कायम ये-जा असलेली. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्यातलं ऑइल सोनेरी, स्वच्छ, त्यामुळे मालकाला संशय यायचं कारणच नव्हतं. पंधरा दिवसांनी आंबा घाट उतरताना साखरप्याच्या अलीकडे पेडल आधी मऊ पडलं आणि मग सरळ खाली गेलं. खालच्या गिअरवर आणि हँडब्रेकवर गाडी कशीबशी कडेला लागली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा टणक!

चाकं काढल्यावर भानगड कळली. मागच्या डाव्या चाकाच्या निपलची, म्हणजे ब्रेकमधली हवा आणि जुनं ऑइल सोडायच्या छोट्या पोकळ स्क्रूची, रबरी टोपी गायब, भोकात लाल माती सुकून बसलेली आणि षटकोनी डोक्यावर गंजाचा अख्खा पापुद्रा. पाना एकदा जरी लागला असता तरी कडा चकाकल्या असत्या. निपल सोडवल्यावर ऑइल आलं ते कोऱ्या चहासारखं.

मेकॅनिकची युक्ती साधी आहे. मोठ्या सिरिंजने डब्यातलं जुनं ऑइल ओढायचं आणि नवं ओतायचं. डब्यात जेमतेम पाव लिटर मावतं, काम दहा मिनिटांचं, आणि दिसायला सगळं नवं. पण ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं फिरत नाही. डब्यातलं डब्यात आणि कॅलिपरमधलं (चाकाजवळ ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागातलं) कॅलिपरमध्येच राहतं, आणि तापतं ते नेमकं कॅलिपरमधलं.

हे ऑइल हवेतला दमटपणा शोषतं, होजच्या, म्हणजे ब्रेकच्या लवचीक नळीच्या, रबरातूनसुद्धा. आपल्याकडचे चार महिने पावसाचे, बाकीचे खाऱ्या वाऱ्याचे. कोरं डॉट ३ (डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे ग्रेड) किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हद्द १४० वर येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. घाटात सतत ब्रेक दाबला की तेवढी उष्णता होतेच. ऑइल उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पोकळ जातं. गार झालं की वाफ मुरते, म्हणून गाडी गावात फिरवून ही लबाडी पकडता येत नाही.

खरं काम समोर उभं राहून बघा. डब्याच्या झाकणावर लिहिलेला ग्रेडच हवा, आणि सीलबंद बाटली तुमच्यासमोर फुटली पाहिजे. पावसाळ्यात उघडी पडून राहिलेली अर्धी बाटली नको. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागापासून) सगळ्यांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात होते; काहींचा क्रम वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये पाहा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव ते अर्धा फेरा सोडायचं आणि पेडल वर यायच्या आत बंद करायचं. हा क्रम चुकला की नळीतून हवा उलटी आत शिरते. बुडबुडे थांबून नळीत स्वच्छ ऑइल दिसेपर्यंत हेच, आणि मधूनमधून डबा भरत राहायचं. तो रिकामा झाला की वरूनच हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. दोन माणसं आणि तासाभराचा वेळ लागतोच. निघालेलं काळं ऑइल आणि रिकाम्या बाटल्या बघायला मागा. तेवढ्याने एक लिटरचा हिशेब लागतो. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्येच हवा गेली असेल तर स्कॅनर जोडून ते युनिट चालवावं लागतं, नुसत्या पेडलने भागत नाही.

दुसरी फसवणूक महागडी: पेडल खाली जातंय म्हटलं की ‘मास्टर सिलिंडर गेला’. आधी दोन गोष्टी करा. इंजिन चालू ठेवून पेडल एका दाबात धरून ठेवा. बाहेर कुठे गळती नसताना ते हळूहळू जमिनीकडे सरकत गेलं तर मास्टर सिलिंडरवर संशय रास्त आहे. दोन-तीन वेळा मारल्यावर वर येऊन टणक होत असेल, तर हवा आहे किंवा मागच्या ड्रममधले शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) ढिले आहेत. शूची ॲडजस्टमेंट तर काही मिनिटांत होते. गाडी ताब्यात देताना मेकॅनिक गप्पा मारत पेडल पंप करून ठेवतो, ही त्यातली जुनी खोड. म्हणून पेडल तपासायचं ते गाडी थोडा वेळ तशीच उभी ठेवून, पहिल्याच दाबाला.

‘ऑइल कमी झालंय’ याचाही अर्थ दर वेळी गळती नसतो. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि डब्यातली पातळी उतरते. आधी पॅडची जाडी बघायला लावा.

राहिला गंजलेला निपल. किनाऱ्यावरच्या गाड्यांत तो तुटतो, हे खरंच. पण तुटला की पूर्ण कॅलिपरचं बिल येतं. आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून, हलके ठोके देऊन, साध्या पान्याऐवजी रिंग पाना लावला तर बहुतेक वेळा सुटतो. तुटला तर खर्च कोणाचा, हे पाना लावायच्या आधी ठरवा, आणि काम झाल्यावर चारही निपलवर रबरी टोप्या बसवून घ्या.