मांजराच्या लघवीचा वास घालवण्याच्या नावाखाली २४,५३९ रुपयांची फसवणूक

आमच्या मुलुंडच्या घरातला मांजराच्या लघवीचा वास कायमचा घालवून देतो, असे सांगून एका माणसाने आमच्याकडून २४,५३९ रुपये नेले आणि वास होता तिथेच ठेवला. तपासणीचे ४९९, ‘एन्झाइम ट्रीटमेंट’चे चौरस फुटाला ३८ रुपये या दराने ४३० चौरस फुटांचे १६,३४०, धुराच्या फवारणीचे ३,५०० आणि पुढे ‘वॉरंटी’तल्या फेरीसाठी केवळ औषधाचे म्हणून ४,२००. असे लोक फोनवर किती गोड बोलतात आणि ‘आजच ठरवलेत तर’ म्हणत कशी घाई करतात, हे सर्वांना ठाऊक आहे. ते मलाही ठाऊक होते.

आमचा बोका थंडीत वारला. त्याची नसबंदी उशिरा झाली होती, त्यामुळे कपाटाच्या पायाशी आणि दिवाणाच्या प्लायवर पिचकारी मारण्याची त्याची सवय शेवटपर्यंत सुटली नाही. उन्हाळाभर वास जाणवला नाही. पावसाळा सुरू होताच घरात पाऊल ठेवणे नकोसे झाले. त्यात मुलगी बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. त्या माणसाने हे बरोबर हेरले. “काकू, गरोदर बाईला या वासातून टॉक्सोप्लाझ्मोसिस होतो, बाळाला धोका असतो,” असे तो माझ्या मुलीच्या देखत म्हणाला. या रोगाचे जंतू मांजराच्या विष्ठेतून पसरतात, लघवीच्या वासातून नव्हे, हे मुलीच्या डॉक्टरांनी नंतर सांगितले. पण सातव्या महिन्यातल्या लेकीचा चेहरा उतरलेला पाहिल्यावर कोणती आई दराची घासाघीस करत बसेल?

मला जिथे थांबायला हवे होते तो क्षण मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. खोलीत अंधार करून त्याने अतिनील प्रकाशाची बॅटरी फिरवली, तर भिंत, पडदे, चादर, सगळे चमकू लागले. “बघा, सगळीकडे पसरले आहे,” असे म्हणत त्याने कपाट उघडायला लावले, आणि आदल्याच दिवशी धुऊन, घडी करून आत ठेवलेले उशीचे अभ्रेही तसेच निळसर पांढरे चमकले. बंद कपाटातल्या धुतलेल्या अभ्र्यांवर बोका कसा पोहोचेल, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. तो मी विचारला नाही. कपडे धुण्याच्या पावडरीत कपडा पांढराशुभ्र दिसावा म्हणून जी द्रव्ये घालतात, ती या प्रकाशात निळी चमकतात. लघवीचा डाग साधारणपणे पिवळट किंवा हिरवट दिसतो. ही माहिती सामान्य गृहिणीला असावी, अशी अपेक्षा कोणी करू नये. तुमच्याकडे कोणी अशी बॅटरी घेऊन आला, तर आधी ती नुकत्याच धुतलेल्या पांढऱ्या कपड्यावर मारायला सांगा.

प्रत्यक्ष काम दोन तासांत उरकले. फवारले आणि लगेच पंखे पूर्ण वेगात लावले. एन्झाइमचे, म्हणजे वासाची द्रव्ये फोडणाऱ्या प्रथिनांचे, द्रावण खरे असेल, तर ते डागाइतकेच खोल मुरावे लागते आणि बराच वेळ ओले राहावे लागते. पंख्याखाली वाळवलेल्या फवाऱ्याने सुगंधाखेरीज काही होत नाही. लघवीतल्या युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात सहजासहजी विरघळत नाहीत आणि हवेत दमटपणा वाढला की वास पुन्हा उठतो. मुंबईच्या पावसात दुसरे काय होणार? वास परतला. वॉरंटीच्या फेरीत ४,२०० रुपये आगाऊ घेऊन त्याने जे मारले, त्याला चक्क ब्लीचिंग पावडरीचा दर्प होता आणि आमच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ब्लीचने एन्झाइम निकामी होतात, म्हणजे पहिल्या फेरीत ती असती तरी तिथेच संपली असती. शिवाय लघवीतल्या अमोनियाशी ब्लीचचा संयोग होऊन क्लोरामाइनसारखे घातक वायू तयार होतात. गरोदर मुलगी शेजारच्या खोलीत होती. पैसे गेल्याचा राग एक वेळ गिळता येईल, हा नाही.

त्यानंतर फोन बंद. पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की, तुम्ही स्वतःच्या हाताने पैसे दिलेत, कामही झाले, हे ग्राहक मंचाचे प्रकरण आहे. सायबर विभागात म्हणाले, माणूस घरी आला होता, म्हणजे हा ऑनलाइन गुन्हा नाही. बँकेने खातेदाराची माहिती देण्यास नकार देऊन पोलिसांचे पत्र मागितले आणि पोलिसांनी पत्रासाठी आधी गुन्हा नोंदलेला हवा असे सांगितले. तो नोंदायला मात्र कोणी तयार नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, हे खरे. पण समोरच्याचा पत्ता द्यावा लागतो, आणि पावतीवरच्या पत्त्यावर झेरॉक्सचे दुकान निघाले. खोटे सांगून पैसे काढणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसत नसेल, तर ते कलम कोणासाठी आहे? आता मी पोलीस उपायुक्तांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवली आहे. ठाण्यात नोंद नाकारली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे ती वरिष्ठांकडे पाठवता येते, ही गोष्ट ठाण्यातल्या एकानेही सांगितली नाही.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले, तर पैसे देऊ नका. पावतीवरचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासून पाहा. आमच्या पावतीवरचा तिथे सापडलाच नाही. वास चौरस फुटात मोजणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, कारण डाग ठरावीक ठिकाणीच असतात. आम्ही अखेर सुताराकडून दिवाणाची खालची फळी बदलून घेतली आणि फरशीच्या सांध्यांवर ६५० रुपयांचे एन्झाइमचे द्रावण ओतून, वरून प्लास्टिक झाकून रात्रभर ओले ठेवले. कपाटाच्या पायाशी अजून थोडा वास येतो; ती फळी पुढच्या आठवड्यात निघेल.