गळ्यातल्या नळीतून रक्त आलं: छाती उघडायची की स्टेंट घालायचा?

गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घातली की पहिल्या दिवशी थोडं रक्त दिसतंच, ते बहुधा जखमेच्या कडेचं असतं. दोन दिवस उलटल्यावर, आणि विशेषतः पहिल्या तीन-चार आठवड्यांत, लालभडक रक्त आलं तर मात्र 'सक्शन (नळीतला चिकट स्राव ओढून काढणं) करताना लागलं असेल' म्हणून घरी थांबू नका. श्वासनळीच्या पुढून उजव्या हाताला आणि मेंदूला रक्त नेणारी जाड धमनी जाते. नळीचं टोक किंवा कफ (खोकल्यातला नव्हे, नळीभोवतीचा फुगा) सतत दाबत राहिला तर तिला भोक पडतं. हे शंभरात एखाद्यालाही क्वचितच होतं. पण झालं आणि उपचार मिळाले नाहीत, तर माणूस वाचत नाही. साधारण निम्म्या रुग्णांत आधी थोडंसं रक्त येऊन आपोआप थांबतं. ठरवायला वेळ मिळतो तो तेवढाच.

छाती उघडून धमनी बांधणं हा जुना आणि टिकाऊ मार्ग. भोकाची जागाच कायमची बंद होते. उजव्या हाताला बहुधा दुसऱ्या वाटांनी रक्त पोचतं, पण काहींना लकव्याचा धोका राहतो. शिवाय आधीच आयसीयूत खंगलेल्या माणसाला एवढं ऑपरेशन झेपेल का, हा प्रश्न असतोच.

दुसरा मार्ग स्टेंटचा, म्हणजे धमनीच्या आत बसवायची, आवरण लावलेली जाळीची नळी. ती जांघेतून किंवा हातातून आत नेतात. छाती उघडावी लागत नाही, काम लवकर होतं, मेंदूकडचं रक्तही चालू राहतं. अडचण पुढे येते. श्वासनळीतल्या जंतूंशेजारी ते आवरण बसतं, त्यामुळे संसर्ग होऊन पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. धमनीचा फाटा फार जवळ असेल तर स्टेंट नीट बसतही नाही. माझं मत विचाराल तर रुग्ण अगदी अशक्त असेल तेव्हा आधी स्टेंट, आणि पुढचं ऑपरेशन लागेल का हे त्याच दिवशी विचारून ठेवा. सीटी स्कॅन साफ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. भोक असूनही त्यात कधीकधी दिसत नाही.

आता गाडी कुठे न्यायची? सीमाभागात खानापूरवाल्यांना कर्नाटकातलं बेळगावच जवळ, निपाणीवाल्यांना महाराष्ट्रातलं कोल्हापूर. पण किलोमीटर मोजण्याआधी फोन करून विचारा: छातीचे किंवा रक्तवाहिन्यांचे सर्जन आत्ता आहेत का, कॅथलॅब (स्टेंट बसवण्याची खोली) चालू आहे का, रक्त मिळेल का? सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड कुठल्या राज्याचं चालतं हे नळी घालून घरी आणतानाच विचारून ठेवा, रक्त आल्यावर नको.

रक्त वाहतच असेल तर मात्र १०८ बोलवा आणि आधी जवळचा दवाखाना गाठा. तिथले डॉक्टर कफ जास्त फुगवून धमनी दाबतात. तेवढ्याने थांबलं नाही तर तोंडातून नळी घालून, गळ्याच्या भोकातून बोटाने धमनी छातीच्या हाडावर दाबून धरतात आणि तसंच पुढे नेतात. धातूच्या नळीला कफच नसतो. घरी तशी नळी असेल तर हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.